स्ट्रिप, मोटर आणि १० केचा पॉट: करंट कुठून न्यायचा?

प्रश्न असा आहे: १२ व्होल्टचा अडॅप्टर, एक मीटर पांढरी एलईडी स्ट्रिप आणि दोघांच्या मधे सिरीजमध्ये १० केचा (म्हणजे १०,००० ओहमचा) साधा कार्बन पॉट, म्हणजे पोटेन्शिओमीटर, नॉबने बदलता येणारा रोध. नॉब जवळजवळ पूर्ण फिरेपर्यंत स्ट्रिप अंधारीच, अगदी टोकाला गेल्यावर एकदम उजेड, मग वास, थोडा धूर, आणि आता नॉब कसाही फिरवला तरी काहीच होत नाही. जास्त वॅटचा पॉट घेतला तर चालेल का? आणि तोच पुढे छोट्या मोटरचा वेग कमी-जास्त करायला वापरता येईल का?

आधी थोडक्यात सांगतो. पॉट खराब निघाला असं नाही. तुमची जोडणीही शाळेतल्या रिओस्टॅटसारखीच आहे, म्हणजे तत्त्व बरोबर आहे. घोळ कामाच्या वाटणीत झालाय. व्हॉल्यूम कंट्रोलसाठी मिळतो तो कार्बन पॉट निरोप्या आहे, हमाल नाही. किती करंट हवा तेवढं त्याने सांगायचं, आणि तो करंट वाहून न्यायला ट्रान्झिस्टर, मॉस्फेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) किंवा रेग्युलेटर ठेवायचा. नव्याने इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांकडून जळलेले पॉट माझ्याकडे सतत येतात आणि जवळजवळ सगळे याच एका कारणाने गेलेले असतात. म्हणून हिशोब नीट मांडतो, कारण एकदा आकडे डोळ्यांसमोर आले की पुढच्या प्रोजेक्टला कुणाला विचारावं लागणार नाही.

पॉटचा जो वॅट सांगितला जातो तो अख्ख्या ट्रॅकसाठी, म्हणजे आतल्या कार्बनच्या पट्टीसाठी असतो. बाजारात मिळणारा छोटा कार्बन पॉट साधारण पाव वॅटचा धरा, कित्येकदा त्याहून कमी. लॉग पॉट (नॉबच्या प्रमाणात रोध न बदलणारा, आवाजासाठीचा) असेल तर बहुधा लिनिअरच्या (सम प्रमाणात बदलणाऱ्याच्या) निम्मा. आता पाव वॅट भागिले १०,००० ओहम, आणि आलेल्या आकड्याचं वर्गमूळ: ०.००५ अँपिअर, म्हणजे ५ मिलिअँपिअर. ही मर्यादा नॉब कुठेही असला तरी तीच राहते. नॉब टोकाकडे नेला की वापरात राहिलेला ट्रॅक आखूड होतो आणि त्या तुकड्याची उष्णता सोसण्याची ताकदही त्याच प्रमाणात घटते. म्हणून पॉट निवडताना वॅट बघून थांबू नका, त्यातून काढलेला कमाल करंट बघा. पाव वॅटच्याच १ केच्या पॉटला तो साधारण १६ मिलिअँपिअर येतो आणि १०० ओहमच्या पॉटला ५० मिलिअँपिअर.

आता तुमची स्ट्रिप. मीटरला ६० छोटे एलईडी असलेली साधी पांढरी स्ट्रिप ४.८ वॅटची असते, म्हणजे १२ व्होल्टला ०.४ अँपिअर. जवळून बघितलीत तर दर तीन एलईडींमागे एक चिमुकला रेझिस्टर दिसेल, बहुतेक वेळा त्यावर १५१ छापलेलं असतं, म्हणजे १५० ओहम. तीन एलईडी मिळून सुमारे ९ व्होल्ट खातात, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, त्यातून २० मिलिअँपिअर वाहतो. असे वीस तुकडे समांतर. पॉटच्या दृष्टीने तुमची स्ट्रिप म्हणजे ९ व्होल्टची एक भिंत आणि तिच्यामागे १५० भागिले २०, म्हणजे फक्त साडेसात ओहम. त्या साडेसात ओहमच्या कामावर तुम्ही १०,००० ओहमचा पॉट नेमलात.

नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ३०० अंश फिरतो. अर्ध्यावर असताना मधे ५,००० ओहम आहेत, स्ट्रिपला मिलिअँपिअरचा अंश मिळतो आणि तो वीस तुकड्यांत वाटला जातो. अंधार. पॉटमध्ये १०० ओहम उरले की, म्हणजे शेवटच्या तीन अंशांत आल्यावर, करंट ३० मिलिअँपिअरच्या आसपास येतो आणि स्ट्रिप जरा दिसू लागते. स्ट्रिपला निम्मा करंट मिळावा असं वाटत असेल तर पॉटमध्ये साडेसात ओहम उरायला हवेत, आणि ते नॉबच्या पाव अंशाहूनही कमी जागेत बसतात. कुठलाही हात तिथे थांबू शकत नाही.

धूर कुठून आला तेही याच आकड्यांत आहे. १०० ओहमवर ३० मिलिअँपिअर म्हणजे ०.०९ वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ही उष्णता ट्रॅकच्या एक टक्का लांबीत निघतेय, आणि त्या एक टक्क्याच्या वाट्याला पाव वॅटमधले जेमतेम अडीच मिलिवॅट येतात. क्षमतेच्या छत्तीसपट. नॉब आणखी पुढे गेला की करंट वाढतो, तुकडा आखूड होतो, आणि टोकाजवळचा कार्बन जळून तुटतो. मल्टिमीटर लावून बघा: वायपर (ट्रॅकवर सरकणारा संपर्क, मधला पाय) आणि जळलेल्या टोकाच्या पायामध्ये मीटर ओपन दाखवेल, दुसऱ्या बाजूचा रोध कदाचित अजून नीट बदलत असेल. पॉट उघडलात तर घोड्याच्या नालेच्या आकाराच्या काळ्या पट्टीवर एका टोकाला भाजल्याचा फिका डाग दिसेल. तो पॉट आता फेकायचा.

मग जास्त वॅटचा? ५ वॅटचा १०० ओहमचा वायरवाउंड (कार्बनऐवजी तार गुंडाळलेला) पॉट मिळतो. त्याची कमाल मर्यादा ५ भागिले १०० चं वर्गमूळ, ०.२२ अँपिअर. तुमची स्ट्रिप पूर्ण उजेडाला ०.४ मागते. म्हणजे तोही टोकाला तापणार, फक्त उशिरा. २५ वॅटचा १०० ओहमचा रिओस्टॅट घेतलात तर त्याला ०.५ अँपिअर चालतो आणि स्ट्रिप खरोखर सुरक्षित मंद होईल. पण तो मुठीएवढा असतो, तापतो, आणि तरीही अर्ध्या करंटची जागा नॉबच्या शेवटच्या साडेसात टक्क्यांतच राहते. उद्या तुम्ही स्ट्रिप दोन मीटरची केलीत की सगळा हिशोब पुन्हा बदलला. मोठा रिओस्टॅट बॅटरी तपासायला लोड म्हणून किंवा लॅबमध्ये उत्तम आहे. घरातल्या कपाटाच्या दिव्यासाठी मी तो सुचवणार नाही.

पॉट सिरीजमध्ये लावणं कधीच बरोबर नसतं असा याचा अर्थ नाही. एकच इंडिकेटर एलईडी असेल तर हाच सगळ्यात सोपा मार्ग. ५ व्होल्टचा सप्लाय, २ व्होल्टचा लाल एलईडी, त्याला ३३० ओहमचा स्थिर रेझिस्टर आणि सिरीजमध्ये १ केचा पॉट. नॉब शून्यावर असताना ३ भागिले ३३०, म्हणजे ९ मिलिअँपिअर. पूर्ण उलटा असताना ३ भागिले १,३३०, म्हणजे २.३ मिलिअँपिअर. पॉटची मर्यादा १६ आहे, जास्तीत जास्त जातात ९. निर्धास्त. इथे तो ३३० ओहमचा रेझिस्टर फार महत्त्वाचा: तो नसेल तर नॉब शून्यावर येताच एलईडीला थेट सप्लाय मिळतो आणि एलईडी, पॉटचं टोक, किंवा दोन्ही जातात. सिरीजमध्ये पॉट वापरताना असा रेझिस्टर घातल्याशिवाय सप्लाय चालू करू नका.

पॉटला तीन पाय का असतात, हे इथे लक्षात घ्यायला हवं. दोनच पाय वापरले की तो बदलता रेझिस्टर. तीनही वापरले, एक टोक सप्लायला, दुसरं ग्राउंडला आणि मधला वायपर बाहेर, की तो बदलतं व्होल्टेज देतो. पॉटचं खरं काम हे दुसरं. बारावीच्या फिजिक्स लॅबमध्ये लांब तारेचा पोटेन्शिओमीटर वापरला असेल तर आठवा: गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आला, म्हणजे जॉकीतून करंट वाहणं थांबलं, की मगच वाचन घ्यायचं. पॉटच्या वायपरलाही तोच नियम लागू आहे. त्याच्यातून जितका कमी करंट ओढाल तितकं त्याचं व्होल्टेज खरं.

हे कळल्यावर काही जण पुढची पायरी घेतात आणि वायपरवरून थेट मोटर चालवू बघतात. मीटरवर ६ व्होल्ट दिसतात, मोटर जोडली की शून्य. कारण साधं आहे. १० केचा पॉट मध्यावर असताना वायपरमागे ५ केच्या दोन बाजू समांतर उभ्या आहेत, म्हणजे अडीच के. मल्टिमीटरचा रोध मेगाओहममध्ये असतो म्हणून त्याला ते जाणवत नाही. १०० ओहमचा लोड जोडलात तर ६ व्होल्टमधले २,६०० पैकी १०० भाग त्याच्या वाट्याला, जेमतेम पाव व्होल्ट. पॉट मोटर चालवू शकत नाही, पण मोटर चालवणाऱ्याला हुकूम नक्की देऊ शकतो.

तर तुमच्या स्ट्रिपसाठी माझी शिफारस: ५५५ टायमर (ठोके देणारी आठ पायांची आयसी), एक मॉस्फेट आणि १०० केचा लिनिअर पॉट. स्ट्रिपचा करंट कमी करत बसायचं नाही, ती सेकंदाला चौदाशे वेळा पूर्ण चालू-बंद करायची आणि चालू राहण्याचा वाटा नॉबने ठरवायचा. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात.

जोडणी शब्दांत देतो, झिरो पीसीबीवर तासाभरात होते. ५५५ ची १ नंबरची पिन ग्राउंडला, ८ नंबरची १२ व्होल्टला, ४ नंबरची ८ ला. पाचव्या पिनवरून १० नॅनोफॅरड ग्राउंडला. २ आणि ६ एकमेकींना जोडा, तिथून १० नॅनोफॅरडचा टायमिंग कपॅसिटर ग्राउंडला, आणि त्याच जागी पॉटचा मधला पाय. १२ व्होल्टवरून १ केचा रेझिस्टर ७ व्या पिनला. आता दोन १एन४१४८ डायोड: एकाचा अॅनोड ७ व्या पिनला आणि कॅथोड पॉटच्या एका टोकाला, दुसऱ्याचा कॅथोड ७ व्या पिनला आणि अॅनोड पॉटच्या दुसऱ्या टोकाला. कपॅसिटर एका बाजूच्या ट्रॅकमधून भरतो, दुसऱ्या बाजूच्या ट्रॅकमधून रिकामा होतो. दोन्ही बाजूंची बेरीज कायम १०० केच, त्यामुळे नॉब फिरवला तरी फ्रिक्वेन्सी जवळपास तीच राहते आणि चालू-बंदचं प्रमाण तेवढं बदलतं. फ्रिक्वेन्सीचा हिशोब: १.४४ भागिले (एकूण रोध गुणिले कपॅसिटर), इथे १.४ किलोहर्ट्झच्या आसपास. १ केचा रेझिस्टर विसरू नका, नाहीतर ५५५ ची सातवी पिन सप्लाय थेट ग्राउंडला टेकवेल.

मॉस्फेटला तीन पाय: हुकूम घेणारा गेट, आणि करंट ज्यांच्यामधून जातो ते ड्रेन आणि सोर्स. ५५५ ची तिसरी पिन १०० ओहममधून मॉस्फेटच्या गेटला, गेट ते सोर्स १० के, सोर्स ग्राउंडला. स्ट्रिपचा प्लस थेट १२ व्होल्टला, मायनस मॉस्फेटच्या ड्रेनला. सप्लायच्या पायांजवळ १०० नॅनोफॅरड आणि १०० मायक्रोफॅरड. गेटला जवळपास पूर्ण सप्लाय मिळत असल्याने आयआरएफझेड४४एन किंवा आयआरएलझेड४४एन, हाताला येईल तो चालतो.

आता या सर्किटात पॉटवर काय ओझं आहे ते बघा. त्यातून वाहतो तो फक्त कपॅसिटर भरण्या-रिकामं करण्याचा करंट, सरासरी पन्नासेक मायक्रोअँपिअर. स्ट्रिपचे ०.४ अँपिअर मॉस्फेटमधून जातात आणि चालू असताना त्याचा रोध ०.०२५ ओहमच्या घरात असल्याने तिथे ४ मिलिवॅट उष्णता निघते. हीटसिंक लागत नाही, हात लावला तर गार लागतो. स्ट्रिप पाच मीटरची केलीत तरी पॉट तोच, मॉस्फेट तोच. अडॅप्टर तेवढा मोठा घ्यायचा.

मोटरलाही हेच सर्किट चालतं, दोन बदल करून. पहिला बदल अनिवार्य: मोटरच्या दोन तारांवर उलट्या दिशेने डायोड, म्हणजे कॅथोडची पट्टी प्लसकडे. मॉस्फेट बंद होताच मोटरच्या वेटोळ्यातला करंट थांबायला तयार नसतो, त्याला फिरायला वाट हवी. नाही दिलीत तर तो मॉस्फेट फोडून वाट काढतो. पीडब्ल्यूएमला १एन४००७ संथ पडतो, १एन५८१९ घ्या, मोटर एक अँपिअरच्या पुढची असेल तर १एन५८२२. दुसरा बदल कानांसाठी. १.४ किलोहर्ट्झला मोटर चिरचिर गाते. टायमिंग कपॅसिटर १० नॅनोच्या ऐवजी ६८० पिकोफॅरड लावा, फ्रिक्वेन्सी २१ किलोहर्ट्झच्या आसपास जाते आणि आवाज ऐकू येईनासा होतो.

मोटरला सिरीज पॉट किंवा रिओस्टॅट का लावू नये याचं उष्णतेपलीकडचंही एक कारण आहे. मोटर सुरू होताना किंवा अडकल्यावर नेहमीच्या कित्येक पट करंट मागते. सिरीजमधला रोध नेमका त्याच क्षणी जास्त व्होल्टेज खातो, मोटरला जोर मिळत नाही, ती घुं करत उभी राहते. तुम्ही नॉब पुढे नेता, ती अचानक सुटते, आणि सुटल्यावर करंट कमी झाल्याने भरधाव पळते. वेग कमी पण जोर पुरेसा असं दोन्ही एकदम हवं असेल, उदाहरणार्थ रोबोटच्या पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या गिअरच्या) मोटरला, तर पीडब्ल्यूएमच हवं. त्यात प्रत्येक ठोका पूर्ण व्होल्टेजचा असतो, त्यामुळे कमी वेगातही मोटर घर्षण तोडून निघते.

आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, उनो हे त्याचं नेहमीचं मॉडेल) असेल तर ५५५ ची गरज नाही. पॉटची दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, वायपर ए-० ला. इथे १० केचा पॉटच योग्य, कारण उनोवरच्या एटीमेगा३२८ चिपच्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) १० के किंवा त्याहून कमी रोधाचा स्रोत मानवतो. १०० के लावलात तर वाचन डळमळतं. जोडताना एकदा पाय तपासा. मधल्या पायाला ५ व्होल्ट आणि टोकाला ग्राउंड दिलंत तर मधे कुठेतरी सगळं ठीक वाटतं, नॉब टोकाला गेला की वायपर ५ व्होल्ट सरळ ग्राउंडला मिळवतो. लॅपटॉपच्या यूएसबीवर बोर्ड असताना तर हे मुळीच नको. आणि मॉस्फेट एल अक्षराचा, म्हणजे आयआरएलझेड४४एन, घ्या. आयआरएफ५४०एन किंवा आयआरएफझेड४४एन ५ व्होल्टच्या गेटवर पूर्ण उघडतीलच याची खात्री नसते, अर्धवट उघडे राहून तापतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘आयआरएलझेड नाही, आयआरएफझेड देऊ का, सेमच आहे’ असं काउंटरवरून ऐकलंत तर नको म्हणा. १२ व्होल्टच्या ५५५ ला सेम आहे, आर्डुइनोला नाही.

उजेडाबद्दल एक गोष्ट. डोळ्याला उजेड सरळ प्रमाणात जाणवत नाही. पीडब्ल्यूएम १० टक्क्यांवरून २० वर गेलं तर मोठा फरक दिसतो, ८० वरून ९० वर गेलं तर कळतसुद्धा नाही. आर्डुइनोमध्ये याचा इलाज स्वस्त आहे: पॉटवरून आलेला ० ते १०२३ मधला आकडा स्वतःशी गुणा आणि ४०९६ ने भागा. १०२३ चा वर्ग १०,४६,५२९, भागाकार २५५, नेमका तुम्हाला हवा तो वरचा आकडा. मात्र वर्ग करण्याआधी आकडा लाँग प्रकारात घ्या. उनोवर साधा इंट १६ बिटांचा असतो, ३२,७६७ पर्यंतच मोजतो. १८१ पर्यंत सगळं सुरळीत चालेल आणि १८२ पासून स्ट्रिप वेडीवाकडी वागेल, आणि तुम्ही पॉटला दोष देत बसाल. मोबाइलने व्हिडिओ घेताना पट्टे दिसत असतील तर तो उनोच्या ४९० हर्ट्झचा परिणाम. ५ किंवा ६ नंबरच्या पिनवर साधारण दुप्पट मिळतो, थोडा फरक पडतो.

आतापर्यंत स्ट्रिपबद्दल बोललो, जिच्यात रेझिस्टर आधीच बसवलेले आहेत. एक वॅटचा सुटा पॉवर एलईडी, ताऱ्याच्या आकाराच्या प्लेटवर मिळतो तो, असेल तर खरोखरच करंट नियंत्रित करावा लागतो. त्याला ३५० मिलिअँपिअर हवेत, आणि व्होल्टेज किंचित वाढलं तरी करंट झपाट्याने वाढतो. इथे एलएम३५८ (दोन इनपुटांची तुलना करून आउटपुट ठरवणारी ऑपअँप आयसी), मॉस्फेट आणि १ ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर ही माझी आवडती जोडी आहे. सर्किटातला प्रत्येक भाग काय करतो ते मीटरवर बघता येतं, म्हणून शिकवायलाही मी हेच घेतो.

सप्लाय ५ व्होल्टचा. ५ व्होल्टवरून १३० केचा रेझिस्टर पॉटच्या वरच्या टोकाला, १० केच्या पॉटचं खालचं टोक ग्राउंडला. वायपरवर शून्य ते ०.३५ व्होल्ट मिळतात. ते एलएम३५८ च्या प्लस इनपुटला. आउटपुट १०० ओहममधून आयआरएलझेड४४एनच्या गेटला. एलईडी सप्लाय आणि ड्रेनच्या मधे, सोर्सखाली १ ओहम ग्राउंडला, आणि सोर्सवरून १ केने मायनस इनपुटला. आउटपुट ते मायनस इनपुट १ नॅनोफॅरड, म्हणजे सर्किट स्वतःहून थरथरत नाही. ऑपअँप एकच काम करतो: १ ओहमवरचं व्होल्टेज वायपरच्या व्होल्टेजएवढं ठेवतो. वायपरवर ०.२ व्होल्ट असतील तर एलईडीतून ०.२ अँपिअर, सप्लाय थोडा हलला तरी तेवढाच. पॉटमधून फक्त ५ भागिले १ लाख ४० हजार, म्हणजे ३६ मायक्रोअँपिअर.

उष्णता मात्र कुठेतरी निघणारच आणि ती आता मॉस्फेटवर आहे. ५ व्होल्टमधून एलईडीचे ३.२ आणि रेझिस्टरचे ०.३५ वजा केले तर १.४५ व्होल्ट उरतात, गुणिले ०.३५, अर्धा वॅट. या मॉस्फेटचं टीओ-२२० केस हीटसिंकशिवाय दर वॅटला साधारण ६० अंशांनी तापतं, म्हणजे तीसेक अंश वाढ. चालेल. हेच १२ व्होल्टवर चालवलंत तर जवळपास ३ वॅट, म्हणजे खोलीच्या तापमानावर १८० अंशांची भर. हीटसिंकशिवाय मॉस्फेट जाणार. एलईडीच्या प्लेटलाही स्वतःचा हीटसिंक हवाच.

आता जी गोष्ट बहुतेक सर्किटांत राहून जाते ती: वायपर ट्रॅकवरून सुटला तर काय होईल? पॉट जुना झाला, धूळ गेली, की वायपर क्षणभर हवेत राहतो. जुन्या रेडिओचा व्हॉल्यूम फिरवताना येणारी खरखर तीच. एलएम३५८ च्या इनपुटमधून अत्यल्प करंट बाहेर येत असतो, साधारण ४५ नॅनोअँपिअर. इनपुट अधांतरी राहिलं तर त्या करंटनेच ते वर चढत जातं आणि ऑपअँप मॉस्फेट पूर्ण उघडतो. म्हणजे संपर्क तुटला की एलईडीला शून्याऐवजी जास्तीत जास्त करंट. इलाज एका रेझिस्टरचा: वायपरवरून १०० के ग्राउंडला. मग संपर्क तुटला तर इनपुटवर चार-पाच मिलिव्होल्ट उरतात, एलईडी जवळपास विझतो. १ मेगा लावू नका, तो त्या करंटला पुरा पडत नाही. नॉब शून्यावर असतानाही एलईडी अंधुक पेटलेला दिसला तर घाबरू नका, तो एलएम३५८ चा काही मिलिव्होल्टांचा ऑफसेट, म्हणजे दोन इनपुटांमधली अंगभूत चूक आहे.

दोन पाय वापरताना याच काळजीपोटी रिकामा तिसरा पाय वायपरला जोडून टाकायचा. संपर्क तुटला तर रोध अनंत न होता पॉटच्या पूर्ण किमतीवर थांबतो. एलएम३१७ या रेग्युलेटर आयसीच्या बदलत्या व्होल्टेजच्या सप्लायमध्ये तर हे फारच गरजेचं. २४० ओहम आणि ५ केचा पॉट या नेहमीच्या जोडणीत पॉटमधून ५.२ मिलिअँपिअर जातात, तेवढे त्याला झेपतात. पण वायपर सुटला आणि अॅडजस्ट पिन अधांतरी राहिली तर आउटपुट झटकन वर जातं आणि पुढचं सर्किट त्या झटक्यात जातं.

एलएम३१७ ने स्थिर करंट देण्याची जोडणीही सगळीकडे सापडते: १.२५ भागिले रोध म्हणजे करंट, आणि त्या रोधाच्या जागी पॉट. इथे एक सावधगिरी. या जोडणीत लोडचा संपूर्ण करंट त्या पॉटमधून जातो. १० मिलिअँपिअरला १२५ ओहम, १०० ला साडेबारा, ३५० ला ३.६ ओहम; कार्बन पॉटसाठी ही जागाच नाही. दोन-तीन ठराविक पायऱ्या पुरत असतील तर रोटरी स्विच आणि प्रत्येक पायरीला योग्य वॅटचा स्थिर रेझिस्टर लावा, स्वच्छ आणि टिकाऊ काम होतं. शिवाय या जोडणीत आयसी आणि रेझिस्टर मिळून ३ व्होल्टच्या आसपास खातात, तेवढं व्होल्टेज हाताशी ठेवा.

बाजारातल्या एक्सएल४०१५ च्या बक (व्होल्टेज कमी करणाऱ्या) मॉड्यूलवर दोन निळे प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे पॉट दिसतात, त्यातला एक करंटचा. तोही पाच अँपिअर वाहून नेत नाही, आतल्या कम्पॅरेटरला (तुलना करणाऱ्या भागाला) मर्यादा सांगतो. म्हणूनच तो इवलासा प्रीसेट तगतो. पॉवर एलईडीसाठी वेळ नसेल तर हे मॉड्यूल घेतलंत तरी माझी हरकत नाही: आधी व्होल्टेज लावा, मग आउटपुटला १० अँपिअरच्या रेंजवरचा मीटर थेट जोडून करंट लावा. आउटपुट असं शॉर्ट करणं फक्त करंटचा प्रीसेट असलेल्या मॉड्यूलवर. साध्या बकवर हे करू नका. एक्स९सी१०३ सारखे डिजिटल पॉटही मोजक्या मिलिअँपिअरचे धनी आहेत, त्यांच्याकडूनही निरोपच घ्यायचा.

घरातल्या पंख्याचा रेग्युलेटर पाहून कुणी पॉटने २३० व्होल्ट हाताळायचा विचार करत असेल तर थांबा. जुन्या मोठ्या डब्यांत वायरवाउंड रेझिस्टरच असायचे आणि कमी वेगाला ते चांगलेच तापायचे. नंतर आलेल्या गोल नॉबच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये पॉट आहे, पण तो डायॅक-ट्रायॅकला (एसी करंटच्या इलेक्ट्रॉनिक स्विचला) कधी पेटायचं ते सांगतो, पंख्याचा करंट ट्रायॅक नेतो. तो पॉट थेट मेन्सच्या व्होल्टेजवर बसलेला असतो, धातूच्या दांड्याचा साधा पॉट तिथे लावणं जिवावर बेतू शकतं. शिकण्याचे दिवस १२ व्होल्टवर काढा.

खरेदीला गेलात की पॉटवरचं अक्षर वाचा. सध्याच्या मालावर बहुधा बी म्हणजे लिनिअर, ए म्हणजे लॉग. ‘बी१०४’ किंवा ‘बी१००के’ लिहिलेला तुमच्या ५५५ साठी. खात्री करायची तर नॉब मध्यावर ठेवून मधला पाय आणि एक टोक मोजा, ५० के आले तर लिनिअर.

सर्किट झाल्यावर लगेच स्ट्रिप जोडू नका. तिच्या जागी एक एलईडी आणि १ केचा रेझिस्टर लावा आणि नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. उजेड सलग कमी-जास्त झाला, मधे कुठे लुकलुकला नाही, तर स्ट्रिप जोडा आणि दहा मिनिटांनी मॉस्फेटला आणि पॉटला बोट लावून बघा. दोन्ही गार असायला हवेत. मॉस्फेट गरम लागला तर गेट आणि सोर्समधलं व्होल्टेज नॉब पूर्ण वर ठेवून मोजा आणि तो आकडा मला कळवा, पुढचं तिथून शोधू.